कुटबणला अकरा मिनिटं

पहाटे पाचला जेटीवर बर्फ उतरवत होतो,
म्हणजे आमचा, कारखान्यातला:
दीडशे किलोची लादी, अमोनियाचा पुसट वास,
क्रशरमध्ये ढकलली की दाढ उपटल्यासारखी ओरडते.
सत्तावीस वर्षं हाच धंदा.
थंडी मी साच्यात भरून, टनावर मोजून विकली,
पावती फाडून.

बल्बच्या उजेडात काहीतरी तरंगलं.
मला वाटलं, पंखांची वाळवी.
पण जानेवारीत कसली वाळवी?
सांतान म्हणाला, कुणीतरी कचरा पेटवलाय, राख आहे.
राख त्याच्या मनगटावर बसली
आणि तिचं पाणी झालं.

कुणी ओरडलं नाही.
एका ट्रॉलरचं इंजिन तेवढं बंद झालं.
बांगड्यांच्या पाट्यांवर, निळ्या जाळ्यांच्या ढिगावर,
झोपलेल्या कुत्र्याच्या कानावर पडत राहिलं.
साळ नदीवरही पडत असणार,
पण तिनं काही दाखवलं नाही.

आवेलिनानं पाटीवरचं चिमूटभर उचललं,
आयुष्यभर जे करत आली तेच केलं: वास घेतला.
"वास नाही," म्हणाली संशयानं,
"म्हणजे ताजं असावं."

आम्ही सगळे माना वर करून, जिभा काढून उभे.
एकटा टेकबहादूर वर बघत नव्हता.
त्यानं कॉलर उचलली, खांदे आवळले,
आणि पाय जपून टाकत चालत राहिला,
जसा त्याच्या गावच्या चढावर चालत असेल.
मी विचारलं, गारा का रे?
"गारा नाय. हिउँ."
आमच्याकडे दंव पडतं, धुकं पडतं, क्वचित गार पडते.
याला नाव नव्हतं.
बर्फ म्हणावं, तर तो शब्द मी रोज
शेवंडांच्या खोक्यात ओततो.

मिंगेलच्या घड्याळात अकरा मिनिटं.
तांडेल अजून सातवर अडून आहे.

पोरगी घरी झोपली होती.
टेम्पोच्या बॉनेटवरचं हातानं खरवडून
जेवणाच्या डब्यात भरलं, आणि डबा
आमच्याच लाद्यांमध्ये खोल पुरून ठेवला.
दुपारी शर्वाणीसमोर झाकण उघडलं.
आत एक कडक, पांढुरका खडा.
तिनं बोटानं टकटक केलं.
"बाबा, हे तर आपलंच."

तेव्हापासून बेतूलपासून असोळण्यापर्यंत
गच्च्यांवर ताटं दिसतात, पालथी नाही, उताणी.
आवेलिनानं नवऱ्याचा जहाजावरचा स्वेटर
पेटीतून काढून दोरीवर टाकलाय,
डांबराच्या गोळ्यांचा वास अख्ख्या वाड्यावर.
भटजींना विचारून झालं, पाद्रींना विचारून झालं,
दोघांनीही टेकबहादूरकडे बोट दाखवलं.
तो बिचारा लाल होतो.
त्यानं आईला फोन केला होता, समुद्रावर हिउँ पडलं म्हणून.
आई म्हणाली, इकडे छप्पर खचलंय, पैसे पाठव,
आणि दारू कमी पी.

शर्वाणी पंखा बंद करून झोपते.
डास चावतात, तरी खिडकी उघडी.
"पुन्हा आलं तर उठव," एवढंच म्हणते,
आणि मी हो म्हणतो, जसं काही
ते माझ्या शिफ्टमध्ये आहे.

मे संपता संपता एका पहाटे
खरीच वाळवी उठली, बल्बभोवती गच्च.
जेटीवर कुणी दिवा मालवला नाही.
सांतान, तांडेल, आवेलिना, मी,
सगळ्यांचे तळहात आपोआप पुढे झाले.
माझ्या हातावर एक पंख उतरला.
बराच वेळ थांबलो.
विरघळला नाही.
मागे क्रशर चालू करायला कुणीतरी हाक मारत होतं.