पोरकं

कुओपिओतलं तळं गोठलं की
आउने तळघरातलं यंत्र चालू करते.
पंखा आधी खाकरतो, मग लागतो.
मांजर लगेच वर येऊन बसतं,
त्या प्रोसेसरचा
एकमेव नियमित वापरकर्ता.

कंपनी बुडून एकवीस वर्षं झाली.
मॅन्युअल उरलंय, दोऱ्यानं शिवलेलं.
पान एकशे चाळीसवर कॉफी सांडलेली,
आणि नेमका तिथेच
इंटरप्टचा तक्ता.

दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतं.
कुणीतरी कुठेतरी चांगल्या मनानं
एक फंक्शन नीटनेटकं करतं
आणि इथे स्क्रीन काळी राहते.
मग चालणारं एक, बंद पडणारं एक,
त्यांचा मध्य काढायचा, बांधायचं, बघायचं,
पुन्हा मध्य.
तीन रात्री.
सापडते ती एक ओळ,
तांदळातल्या खड्यासारखी, पांढरीच.

यंदा ब्रनोहून लुबोशनं विचारलं, अगदी अदबीनं:
अकरा हजार ओळी आहेत,
हे अजून वापरतं कोण?
तिनं उत्तर लिहिलं. खोडलं.
मांजर हे काही कारण होत नाही.

शेवटी पॅच तिनंच पाठवला.
परक्याचा हात नको,
घाईत शेजारचंही उपटलं जातं.
एकेक फाइल काढली, मुळासकट,
सगळ्यात शेवटी यादीतली
आपल्या नावाची ओळ,
तिच्यापुढे ‘पोरकं’ असा शेरा पडायच्या आत.

बाहेर उणे चोवीस.
मागच्या वर्षीच्या कर्नलवर
यंत्र चालूच आहे तळघरात.
मांजराला कुणी कळवलेलं नाही.