परवडत न्हाई

शिरोलीच्या फाउंड्रीत मी मस्टर लिहितो.
निळ्या शाईनं हजेरी, लाल शाईनं खाडे.
तिसरी एक वही आहे, पेन्सिलीची,
ती ऑफिसच्या कपाटात नसते,
ठेकेदार खोतांच्या डिकीत असते.

किमान वेतनाचा तक्ता गेटच्या आत लावलाय,
काचेच्या पेटीत, कुलूप घालून.
किल्ली हरवून दोन दिवाळ्या झाल्या.
काचेवर काळ्या वाळूची पूड बसलीय,
वाचायला वाकलं की आधी आपलंच तोंड दिसतं.

बाबालाल शिकलगार आला
तेव्हा आवारात वाळूचा ट्रक रिकामा होत होता.
गोकुळ शिरगावातला त्याचा कारखाना मिटलेला,
विम्याच्या हापिसातून भत्ता मंजूर,
जुन्या पगाराच्या निम्मा, नव्वद दिवस.

खोत म्हणाले, "ये की उद्यापासनं.
भट्टीवर माणूस पायजेच हाय."
"हातात किती?"
"सही पाचशेवर. हातात तीनशे ऐंशी.
का, दुसरीकडं जास्त देत्यात व्हय?"

त्यानं खिशातून लाइटचं बिल काढलं,
उलटं केलं,
माझीच पेन्सिल मागून घेतली.
कणेरीवाडीपासून पेट्रोल, पंचेचाळीस.
चहा-बटर, वीस.
हातमोजे आणि साबण, पंधरा
(हातमोजे कंपनी देते,
तसं मीच दर महिन्याला लिहितो).
राहिले तीनशे.

"आणि बसून दोनशे ऐंशी," तो म्हणाला,
"बसण्यात रविवार पण धरत्यात."
मग सव्वीसनं एक गुणाकार केला, तिसानं एक.
हातच्याचे आकडे तो ओठांत ठेवत होता.
करून, सात हजार आठशे.
न करता, आठ हजार चारशे.

बिल त्यानं खोतांपुढं सरकवलं.
खोतांनी ते न बघताच परत सरकवलं.

दुपारी केबिनमध्ये मालक म्हणाले,
सरकारनं माणसं आळशी करून ठेवलीत,
फुकटचं मिळाल्यावर हात कोण हलवणार?
मी मान डोलावली.
माझ्या बगलेत त्यांचाच अर्ज होता,
वीजदरात सवलत मिळावी म्हणून,
आदल्या रात्री मीच टाइप केलेला.
त्यात 'प्रोत्साहन' हा शब्द चार वेळा होता.
एकदा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून
पान परत काढलं होतं.

संध्याकाळी गेटबाहेर बाबालाल भेटला,
गाडीला किक मारत, ती काही लागत नव्हती.
म्हणाला, "काम नको असं म्हटलं न्हाई मी, क्लार्कसाहेब.
बावीस वर्सं लोखंड ओतलंय,
पावलावर डाग बघा.
पर 'परवडत न्हाई' ह्यो शब्द
मी सगळ्यांच्या तोंडनं ऐकला,
मालकाच्या, वाण्याच्या,
पोरीला बघायला आलेल्यांच्या बी.
माझ्या तोंडात कधी आला न्हाई.
आता तीन म्हैनं आलाय.
कसा लागतोय बघतोय."
गाडी लागली. तो गेला.

त्या रात्री मी पण एक बिल उलटं केलं.
माझीही सही एका आकड्यावर असते
आणि खिसा दुसऱ्यावर.
वजाबाकी नीट झाली.
तिच्याशी ताडून बघायला
दुसरा आकडाच नव्हता.
बायको म्हणाली, दिवा मालवा, उद्या भरायचंय ते.

खोतांनी कॅलेंडरवर गोल केला होता,
भत्ता संपल्यानंतरचा पहिला दिवस.
"बघ, बरोबर आठला हुबा असंल," ते म्हणायचे,
"दर पण मग मीच सांगीन. तीनशे चाळीस."

तो दिवस मंगळवार होता.
शहापुरे आणि शेडबाळे यांच्या मध्ये
मी मस्टरला एक ओळ कोरी ठेवली होती,
कुणी विचारलं असतं तर
चुकून राहिली म्हणणार होतो.

आठचा भोंगा झाला.
गेटकडून घरघर आली,
खोतांनी मान वर केली, "कोण आलं रे?"
वाळूचा ट्रक आला होता,
मी तेच सांगितलं.