पिंपातला पाय

टोलेडोच्या दक्षिणेला, मॉमी नदीच्या अलीकडे,
सकाळी साडेसहाला यार्डातल्या दिव्याखाली
तिनं गाडीतून एक पिंप उतरवलं.
लुडमिला ह्राबोव्स्की. वय बासष्ट.
सव्वीस वर्षं अग्निशमन दलात, आता हे शिकवते.
म्हणाली, तक्ते आहेत माझ्याकडे,
पण तक्त्यानं आजवर कुणाचा गुडघा धरलेला नाही.

आम्ही नऊ जण. कागदी पेल्यांत कॉफी.
मी पोकलेनवाला, म्हणून सगळ्यांच्या मागे.
माझा पाय कधी चरात उतरत नाही.

सगळ्यांत ताकदीचा कोण, तिनं विचारलं,
आणि आन्सेल्मोला पुढे ढकललं गेलं.
वेवेतेनांगोचा. सिमेंटची दोन-दोन पोती उचलणारा.
त्यानं पाय पिंपात घातला.
ती फावड्यानं माती लोटत गेली,
घाई नाही, जसं कुणी कुंडी भरतं.
गुडघ्याशी थांबली. बुटानं एकदा दाबली.
ऑरिनला म्हणाली, पिंप धर.
त्याला म्हणाली, काढ.

त्यानं ओढला. आम्ही हसलो.
परत ओढला. थोडे कमी हसलो.
तिसऱ्यांदा त्याचे हात हवेत काहीतरी शोधायला लागले
आणि कुणीतरी आपला पेला खाली ठेवला.

"ही गुडघ्यापर्यंत. आणि कोरडी.
छातीपर्यंत आली की श्वास सोडता येतो, घेता येत नाही.
सोडलेली जागा माती घेते."

मी मागून म्हणालो, पोकलेननं उकरायचं.
तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.
खिशातून एक चमचा काढला, साधा, सूप पिण्याचा,
आणि ऑरिनच्या हातात दिला.
"माणूस आत असताना दाताची बकेट लावायची नाही.
आधी हात. मग हे."
अकरा मिनिटं लागली. एका गुडघ्याला.

मग एक ढेकूळ हातोहात फिरलं.
अंगठा दाबून बघा, म्हणाली. सहज शिरला,
तर समजा मातीनं करारावर सही केलेली नाही.
हे सगळं कधीकाळी पाण्याखाली होतं, दलदल होती,
तुम्ही विसरलात, ती विसरलेली नाही.
ढेकूळ माझ्याकडे आलं तेव्हा
माझा अंगठा पहिल्या पेरापर्यंत आत गेला
आणि मी ते पटकन पुढे दिलं.

दोन वर्षांपूर्वी, पेरिसबर्गच्या रस्त्यावर,
मी ढीग चराच्या काठालाच टाकत होतो.
बूम जास्त वळवायला नको म्हणून. एवढंच.
जेवणाच्या सुट्टीत काठ बसला.
सगळे ट्रकच्या फळीवर बसून खात होते,
कुणी वळूनही पाहिलं नाही.
खाली फक्त एक लाल डबा राहिला होता.
टवारिस दिवसभर विचारत होता, माझा डबा कुठाय.
मी म्हणालो, मला काय माहीत.

आज चर सात फुटांचा. दुपारचे दोन.
रस्क म्हणाला, दहा मिनिटांचं काम,
तेवढ्यासाठी पेटी कुठे उतरवत बसता.
आन्सेल्मो शिडीच्या टोकाला उभा. उतरला नाही,
नाहीही म्हणाला नाही.
वाकून काठाचं ढेकूळ उचललं
आणि अंगठा लावला.

मी इंजिन बंद केलं.
केबिनमधून उतरायला मला वेळ लागतो, गुडघे दुखतात.
ट्रेलरवरच्या लोखंडी पेटीला साखळ्या मीच अडकवल्या.
रस्क घड्याळ बघत होता, मग बघायचा थांबला.
परत चढून आधी ढीग मागे ओढला,
तिनं सांगितला होता दोन फूट,
मी चार ओढला.

दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागले.
वरून मी हेल्मेटं मोजत राहिलो: दोन. दोन.
एकदा टवारिस पाइपामागे वाकला
तेव्हा एक,
आणि माझा हात लिव्हरवरच थांबला.

संध्याकाळी आन्सेल्मो शिडीनं वर आला.
त्याच्या एका पँटवर सकाळची माती
अजून गुडघ्यापर्यंत होती.
टवारिस पाठोपाठ.
त्याला डब्याचं सांगायचं होतं मला.
तो म्हणाला, काय?
मी म्हणालो, काही नाही, हात दे,
शेवटची पायरी ओली आहे.