किल्ल्या देताना

ही पितळेची, पुढच्या दाराची. थंडीत अडकते.
हलकेच वर उचलून मग फिरव.
ही फायलींच्या कपाटाची.
ही कशाची, मलाही ठाऊक नाही.
एकोणीस वर्षं जुडग्यात आहे, राहू दे.

बस, मारिसेल. कोट काढू नकोस,
बफेलोतला फेब्रुवारी आणि आपला हीटर,
तो दुपारनंतरच मनावर घेतो.

तिसऱ्या खणात बसचे पास आहेत.
मोजून ठेव, पण देताना हात आखडू नकोस.
पोरं तारीख चुकवतात ती उर्मटपणाने नव्हे,
बहुतेकदा बस चुकते म्हणून,
आणि वॉरंट काही बसचं वेळापत्रक वाचत नाही.

मंगळवारी, गुरुवारी कोर्ट.
मागच्या बाकावर बसू नकोस, तिथे आया रडतात.
दुसऱ्या रांगेत बस,
न्यायाधीशाला तुझा चेहरा दिसेल अशी.
आपण वकील नव्हे. आपण नुसता शब्द टाकतो:
“याला तुरुंगात नको, आमच्याकडे पाठवा.
रोज सकाळी नऊला. सहा महिने.
नाही आला, तर मी स्वतः येऊन सांगेन.”
आणि जाऊन सांगायचं.
शब्द टाकणं सोपं.
तो परत उचलायला वाकावं लागतं,
माझे गुडघे तिथेच झिजले.

पैशांचं म्हणशील,
तर काउंटीचा ऑक्टोबरचा चेक जानेवारीत येतो.
देणगीदारांना यशोगाथा लागते, फोटोसकट:
हसरा मुलगा, मागे झाड.
हो म्हणण्याआधी मुलाला विचार.
एकजण मला म्हणाला होता,
“काढलाय की माझा फोटो.
एक समोरून, एक बाजूने.”

आता ही फाईल.
ही कपाटात ठेवत नाही मी.
लॅमॉन्ट व्हिटफील्ड. हात सुताराचा.
ते शेल्फ त्याचंच, जरासं डावीकडे कललेलं.
त्याच्यासाठी मी शब्द टाकला होता.
पाचव्या महिन्यात, फिलमोर अव्हेन्यूवर,
दुकान बंद करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात
त्याने हातोडी घातली.
आपलीच हातोडी. मूठीवर आपला नंबर.

मिसेस पिएत्रास दर मार्चमध्ये येते.
काही बोलत नाही, कॉफी घेत नाही.
खिडकीजवळची खुर्ची तिची.
एकदाच तिने विचारलं,
“त्या वर्षी असे किती होते तुमच्याकडे?”
दोनशे बारा, मी म्हटलं.
“बाकीचे?”
मी सांगायला लागले. एक पावाची गाडी चालवतो.
एक आईजवळ परत राहायला गेला.
एक कुठे आहे, मला माहीत नाही.
ती ऐकत राहिली, हातमोजे न काढता.
सत्तावीस की अठ्ठावीसपर्यंत आले असेन,
ती उठली.
क्षमा वगैरे काही नाही.
पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आली,
बसली, आणि म्हणाली,
“पुढे.”

ती आली की फोन काढून ठेव.
मंडळाची बैठक असली तरी.
मंडळ तुला विचारेल, नेतृत्वाची तुमची कल्पना काय.
काहीतरी सांग, ते लिहून घेतात.
या खुर्चीत बसून मला जमलं ते एवढंच:
ती आली की उठून गेले नाही.

किती वाजले? नऊला पाच कमी.
बघ, पायरीवर कुणीतरी आहे.
टोपी ओढलेली, खांद्यावर बर्फ.
ही पोरं दार वाजवत नाहीत.
दार वाजवायचं ते पोलिसांनी,
असंच बघत मोठी झालीत.
म्हणून आपणच उघडायचं.
“आत” हा शब्द त्याने आजवर
एकाच अर्थाने ऐकलाय:
भाऊ आत आहे, बाप आत आहे,
तूही आत जाशील.
तू नुसतं म्हण, आत ये.
बूट पुसायला सांगू नकोस, पहिल्या दिवशी तरी.

जा. मी इथेच आहे.
अशी नाही.
हलकेच वर उचल, मग फिरव.