मजकूर बरोबर आहे

निकालाची नक्कल हातात आली
तेव्हा आधी मी शुद्धलेखन तपासलं.
सवय. एकोणीस वर्षं
शिवाजीनगर कोर्टासमोरच्या गाळ्यात
दुसऱ्यांचे अर्ज टाइप करते मी,
दुसऱ्यांचे भाडेकरार, फारकती, प्रतिज्ञापत्रं,
आणि तळाशी ती ठरलेली ओळ :
वरील मजकूर खरा व बरोबर आहे.

तर, कुमुदिनीचं कुमोदिनी झालेलं.
नाईकरे नीट.
आकडा बिनचूक, अंकी आणि अक्षरी,
एक लाख बेचाळीस हजार सहाशे,
शिवाय व्याज, शिवाय दाव्याचा खर्च.
एकतर्फी.

समन्स म्हणे धनकवडीच्या खोलीच्या दारावर चिकटवलं.
मी तेव्हा आंबेगावात,
भाडं दीड हजाराने कमी,
आणि त्या दीड हजारावरच तर
सगळी वही उभी.

वही दोनशे पानी.
बँकेतून निवृत्त झालेले देवस्थळी
वाचनालयाच्या पायरीवर बसून फुकट आखून देतात.
विचारलं, चहा किती वेळा?
चार, म्हटलं.
राहू द्या, म्हणाले, चहाला हात नाही लावायचा.
मग रकाने पाडले :
मशीनचं फायनान्स, पतसंस्था,
नणंदेच्या पाटल्या,
कागदवाले पानसे.
दर पाच तारखेला सगळ्यांना थोडं थोडं.
पोटभर कुणालाच नाही,
उपाशीही कुणी नाही.

पानसे अठराशे घ्यायचे, पावती द्यायचे,
घरचे बरे ना, विचारायचे.
दावा थांबवा, हे वकिलाला सांगायचं राहिलं
की सांगायचंच नव्हतं,
फोनवर मी विचारलं नाही.
तेही गप्प होते.
मागे त्यांच्या दुकानातलं कटर खाली येत होतं,
रिमामागून रीम.

बेलिफ आला मंगळवारी.
त्याच्या मुलाचा नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज
मीच भरून दिलेला.
खुर्चीच्या कडेवर टेकला,
ताई, मशीन बघायला आलोय.
मशीन गरम होतं,
कुणाचा तरी सातबारा निघत होता.
त्याने लिहिलं : एक जुने झेरॉक्स यंत्र.
मग पेन उचलून हळू विचारलं,
'बंद' लिहू का?
नको. चालू आहे तर चालूच लिहा.

त्या रात्री पहिल्यांदा स्वतःसाठी अर्ज टाइप केला.
'हप्ते पाडून मिळावेत' इथपर्यंत बोटं पाठ,
'अर्जदार विधवा असून' इथे अडली.
पुसलं. त्याची गरज नव्हती.
पानाचे चाळीस रुपये वहीत जमा मांडले.
दुसऱ्या दिवशी देवस्थळींनी
तेच चाळीस खर्चातही मांडले.

कुमोदिनी नाईकरे हाजिर हो!
गेले मी त्या नावाने आत.
वकील म्हणाले, पाच हजार.
मी एकवीस पावत्या ठेवल्या, वर वही.
जजबाईंनी पानं उलटली,
चहाच्या रकान्यापाशी जरा थांबल्या
(की मला तसं वाटलं),
आणि सांगितलं : भरलेले वजा जाता,
दरमहा दोन हजार, पाच तारखेच्या आत.
एक हप्ता चुकला तर संपूर्ण रक्कम एकदम.
पाच वर्षं धरा, व्याजासकट.

नाव दुरुस्तीचा अर्ज देता येतो.
नाही दिला.
असू दे हे कर्ज त्या दुसरीच्या नावावर.

पायरीवर देवस्थळींनी पेन्सिल काढली.
दोनशे कुठून?
पाटल्यांना हात लावू नका, मी म्हटलं,
चहा तीन करा.
दहा रुपये, महिन्याचे चोवीस दिवस.
त्यांनी दोनदा गुणाकार केला.
वर चाळीस उरतात, म्हणाले.
वाचनालयाचा शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला
तरी आम्ही बसून होतो,
ते चाळीस कुठल्या रकान्यात लिहायचे.