मिळाले

कोर्टाने म्हटलं आहे, परिच्छेद अकरा:
बंदी टॅक्सी चालवतो, पर्यटकांशी इंग्रजीत बोलतो,
सबब स्थानबद्धतेचा इंग्रजी आदेश, पानं ब्याण्णव,
त्याला समजला नाही हे पटत नाही.
शिवाय शेवटच्या पानावर त्याची सही आहे
आणि सहीखाली त्याच्याच अक्षरात: मिळाले.
याचिका फेटाळली.

रुक्मा हरमलकर माझ्या टेबलाशी उभी.
म्हापशात, झेरॉक्सच्या बाजूच्या खोलीत
मी दिल्लीला जाणारे कागद इंग्रजीत करतो
आणि खाली लिहितो, हा खरा अनुवाद आहे.
ती विचारते, सगुणाचं इंग्रजी ऐकलंय तुम्ही?
गुड मॉर्निंग. नो प्रॉब्लेम. बीच दिस साइड. फाइव्ह हंड्रेड ओन्ली.
बोटांवर मोजून दाखवते.
अंगठा उरतो.

आणि ते हेबिअस कॉर्पस, त्यातलं कॉर्पस म्हणजे?
देह, मी म्हणतो. देह हजर करा, असा अर्ज.
ती मागे सरकते.
आमच्या किनाऱ्यावर देह म्हणतात
जाळ्याला लागलेल्या माणसाला.
सगुण तर जेवतो. परवा भेटीत त्याने
बांगड्याचा भाव विचारला.

ब्रागांझा वकील फोनवर बोलतात, ते मी तिला सांगत जातो:
आदेश एका वर्षाचा. सात महिने पर्वरीत गेले.
दिल्लीत नंबर लागेपर्यंत वर्ष संपलं
तर सगुण सुटेल, आणि अपील निष्फळ.
निष्फळ म्हणजे काजूचा मोहोर करपतो, तसं?
साधारण तसंच.
मग त्याला आत ठेवलं ते बरोबर की चूक
हे कोण सांगणार?
फोन तोवर कट झाला होता.

रात्री त्याचं पत्र घेतो, सरकारला लिहिलेलं,
ज्याचा नकार यायला एकेचाळीस दिवस लागले.
माका इंग्लिश वाचूंक येना.
हे चार शब्द मी इंग्रजीत टाइप करतो
आणि हात थांबतो:
आता हे वाक्य त्यालाच वाचता येणार नाही.

शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत,
रुक्मा कोलवाळहून वकालतनामा घेऊन येते.
तुरुंगाचा शिक्का आहे, अधीक्षकाची सही आहे,
सगुणाचीही आहे, एकेक अक्षर सुटं.
खाली, कुणी सांगितलेलं नसताना:
मिळाले. समजले नाही.

इथे काही लिहायचं नसतं, ब्रागांझा वैतागतात,
रजिस्ट्री परत पाठवेल. नवा फॉर्म करा.

नवा फॉर्म काढतो. पैसे घेत नाही.
रुक्मा पाण्याचा घोटही न घेता पेडण्याच्या बसकडे धावते.
जुना फाडायला घेतला होता.
खणात आहे.