दुबार खाती

रात्रभर डाउनलोड होत होतं.
उकेरेवे बेटावर इंटरनेटही फेरीबोटीसारखं,
येईल तेव्हा, आणि अर्धंच भरून.
सकाळी मामा न्यांगेताने दुकान उघडलं
(इथे आईला मामा म्हणतात,
आणि ही तर सगळ्या किनाऱ्याची आई,
म्हणजे सगळ्यांची घेणेकरी)
तर पडद्यावर निळी पाटी:
आवृत्ती सात. काय नवीन आहे ते पाहा.

पाहिलं.
आता साठा उणे जाणार नाही.
पूर्वी जायचा. म्वान्झाहून माल यायच्या आधीच
जाळी विकली जायची, बिल फाटायचं,
रकान्यात 'उणे चार' मुकाट बसून राहायचे
बोट धक्क्याला लागेपर्यंत.
आता यंत्र म्हणतं, नाही ते विकता येत नाही.
मामा हसली.
"नाही त्यावरच तर चाललंय दुकान."

नवीन आहे: न हललेला माल.
वर्षभर जागचा उठला नाही तो लाल अक्षरांत.
पहिलंच नाव गॅसबत्तीच्या मँटलचं,
दोनशे सोळा नग.
डागा मासळी उजेडाला भुलते;
काळोख्या रात्री सरोवरावर
बत्त्यांचं एक गाव वसायचं, पहाटे उठायचं.
आता सौर दिवे. फुसफुस नाही, रॉकेलचा वास नाही.
मँटल राहिले कागदात,
जळण्याआधीच राखेइतके हलके.
तिने एक उघडून पाहिला,
श्वास रोखून पुन्हा गुंडाळला.
'निर्लेखित करा'वर बोट नेलं नाही.

नवीन आहे: आपोआप आठवण.
तीस दिवस भरले की ऋणकोच्या फोनवर संदेश.
यंत्राच्या महिन्याला चंद्र नाही.
चांदण्यात डागा वर येत नाही;
मचवे वाळूवर पोट टेकून, माणसं जाळी सांधत,
खिसे उलटे.
आणि आज नेमकी पौर्णिमा.
एकाच मिनिटाला एकशे बारा फोन वाजले.
तासाभरात दारात गर्दी.
पैसे घेऊन कुणीच नाही.
"मामा, बरी आहेस ना?" एवढंच विचारायला.

या गर्दीतच ते दोघं. पडद्यावरही तेच दोघं:
कुल्वा मागेसा. डोटो मागेसा.
गाव एक, जन्मतारीख एक, फोन एक.
साम्य अठ्ठ्याण्णव टक्के.
'ही खाती दुबार दिसतात. एक करायची?'

आधी आला तो कुल्वा, मागून आला तो डोटो;
जुळ्यांची नावं इथे पोटातून बाहेर येण्याच्या क्रमाने ठरतात.
कुल्वाचे जमा, दोन हजार शिलिंग.
डोटोच्या नावे तीन लाख ऐंशी हजार.

"करा की एक," डोटो म्हणाला,
"नऊ महिने होतोच."
लोक हसले.

कुल्वा हसला नाही.
फोन त्याचा, आठवण भावाची.
तो पडदा अंगठ्याने पुसत राहिला,
पुसून अक्षरं जाणार असल्यासारखा.
मग म्हणाला,
"त्यातला इंजिनाचा पंखा मी नेला होता. दोन लाख चाळीस.
तू मला डोटो म्हणालीस, मामा.
मी नाही म्हणालो नाही."

बाहेर कुणीतरी मासळीवरचे बगळे हाकलत होतं.
डोटो भावाकडे बघत राहिला,
जसा माणूस आरशाकडे बघतो,
आणि आरसा आधी डोळे वळवतो.

मामाने नोंद उघडली.
हेही नवीन आहे: बदल केलात तर कारण सांगा.
यादीत टंकनदोष, मोडतोड, चोरी, भेट, इतर.
'चोरी'वर बाण क्षणभर थांबला.
तिने 'इतर' निवडलं.
चाळीस अक्षरांची जागा होती.
तिने लिहिलं: चेहरा सारखा.

यंत्राने ते मान्य केलं.
पंखा एका खात्यातून दुसऱ्यात गेला, आवाज न करता.
परतफेडीची तारीख तिने दोन्ही खात्यांत
चौदा दिवस पुढे ढकलली,
भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरात
काळा गोल कुठे आहे ते बघून.

दुबारचा प्रश्न अजून तिथेच लुकलुकत होता.
एक करायची?
खाली बारीक अक्षरांत: नंतर विचारा.